ओ आल्याशिवाय

१

दुसऱ्याने लिहिलेलं ॲप सांभाळायला घेणं म्हणजे दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात उभं राहून चहा करणं. साखर सापडते, पण ती मिठाच्या बरणीत असते, आणि तिथे का ठेवली हे विचारायला ती बाई घरात नसते. माझ्या बाबतीत ती बाई म्हणजे हितेंद्र. त्याने ‘बारी’ नावाचं ॲप उभं केलं, काही वर्षं चालवलं, पुण्यात नोकरी लागली तसा इथला गाशा गुंडाळला, आणि जाताना हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवून गेला.

माझं ऑफिस म्हणजे पिंप्राळ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली. सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडायचा आणि कोणाच्या फोनवर ॲप कुठे अडखळलं ते बघायचं, हा माझा रोजचा रिवाज. आत आई स्वयंपाक करत असते. अधूनमधून गेटवर सिलिंडरवाला येतो आणि वडिलांच्या नावाने हाक मारतो, ‘‘तोताराम पाटील!’’ वडील जाऊन दोन वर्षं झाली. आई आतूनच म्हणते, ‘‘हो, आले.’’ कनेक्शन तुझ्या नावावर करून घेऊ, असं मी तिला कितीदा सांगितलं. तिच्या कानाला तेवढंच ऐकू येत नाही.

‘बारी’चं काम सोपं आहे. आमच्या खान्देशात एका विहिरीवर दोन-तीन घरांचा हिस्सा असतो, आणि पाणी बारीबारीने घ्यायचं असतं. विहिरीवर सिमकार्ड घातलेली एक पेटी बसवायची, की घरी बसून फोनवरून मोटर चालू-बंद करता येते. पण हितेंद्रने त्यात एक जुनी रीतही घातली होती. पूर्वी ज्याची बारी संपली तो विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी ओट्यावर, उभा राहून पुढच्याला हाक मारायचा. पुढच्याने वावरातून ओ दिली, की मगच थारोळं सोडून घरी जायचं. ओ आल्याशिवाय जायचं नाही. नाहीतर पाणी वाऱ्यावर जातं आणि भाऊबंदकी पेटते.

म्हणून ॲपमध्ये एक बटण होतं. ते दाबून आपल्या आवाजात हाक मारायची, ती पुढच्याच्या फोनवर वाजायची. म्हाताऱ्या माणसांना हे फार आवडलं. ‘बारी’ चाललं ते त्या हाकेवर, मोटरवर नाही.

त्या सकाळी मी जुनी आवृत्ती बंद करायच्या तयारीत होते. जुन्या आवृत्तीच्या हाका एका जुन्या सर्व्हरवरून जायच्या, आणि तो सर्व्हर महिनाअखेर जाणार होता. सगळ्यांनी नवी आवृत्ती घेतली होती. मागे राहिला होता एकच फोन. नवल पाटील, शिरपूर तालुका. आजच वापरात होता.

मी त्याच्या नंबरवर फोन लावला. फोन बंद होता. स्क्रीनवर मात्र त्याच्या नावापुढचा, फोन चालू असल्याचा हिरवा ठिपका तसाच होता.

२

दुपारी मदतीच्या नंबरवर एका बाईचा फोन आला. आवाज तरुण, दबका.

‘‘ताई, मी दीपमाला बोलतेय. नवल पाटील माझे मिस्टर. त्यांचं नाव तुमच्या ॲपमधून काढून टाका.’’

मी म्हटलं, ‘‘बरं झालं, मी त्यांनाच फोन लावत होते. फक्त अपडेट करायचंय, नाव कशाला काढता?’’

तिने कुठलंतरी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, ‘‘ते उन्हाळ्यात वारले. विहिरीत पाइपाच्या टोकाचा फुटवॉल बघायला उतरले होते, पाय सुटला.’’

मी नुसतं ‘‘अरेरे’’ म्हटलं आणि विचारलं, ‘‘मग त्यांचा फोन कोण वापरतं?’’

‘‘फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात होता ताई. वर काढलं तेव्हा खिसा रिकामा होता. विहिरीचा तळ कोण उपसणार?’’

विहिरीवर तीन हिस्से होते. आधी दीपमालाचे चुलत सासरे निंबाआबा, मग नवल, मग नवलची आई मंजुळाबाई. नवऱ्याच्या मागे म्हातारीने आपला तुकडा कुणाला दिला नव्हता, स्वतः करायची. नवलची बारी संपली की हाक त्याच्या आईच्या फोनवर जायची.

‘‘आणि अजून जाते,’’ दीपमाला म्हणाली. ‘‘सासूबाई फोन कानाला लावून ओसरीत बसतात. मला ऐकू देत नाहीत. पण एकदा मी मागून ऐकलं, ह्यांचाच आवाज होता. मला हे सहन होत नाही ताई. मला घरात माणूस गेल्याचं दुःख तरी नीट करू द्या.’’

मी तिला शब्द दिला. फोन ठेवताना ती म्हणाली, ‘‘सासूबाईंना माझं नाव सांगू नका.’’

३

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर शिकावी लागते. तक्रार करणारा खोटं बोलत नसतो, पण तो सांगतो तेच घडलंय असंही नसतं. कुणी म्हणतं, ॲपने माझे फोटो खाल्ले. बघावं तर त्यानेच दुसऱ्या फोल्डरात टाकलेले असतात. तेव्हा भूतबाधा म्हणण्याआधी कोड वाचावा.

मी वाचला, आणि उत्तर सापडलंही. जुन्या आवृत्तीत हाक गेली की समोरच्याच्या फोनवर ‘ओ’ नावाचं बटण यायचं. ते दाबेपर्यंत हाक रांगेत राहायची आणि पुन्हा पुन्हा पाठवली जायची. नव्या आवृत्तीत ते बटणच काढून टाकलेलं होतं. म्हणजे नवलची शेवटची हाक ओ न मिळाल्यामुळे अजून रांगेत फिरत होती. मोटर चालू व्हायलाही माणूस लागत नव्हता. निंबाआबांची हाक आली की नवलची मोटर आपोआप सुरू व्हावी आणि ठरल्या वेळी बंद व्हावी, असं त्यानेच लावून ठेवलं होतं. भूत वगैरे काही नाही, अर्धवट बदललेला कोड.

तरी मी हितेंद्रला पुण्याला फोन लावला. ‘‘ओचं बटण का काढलंस रे?’’

‘‘लोकांनी सांगितलं म्हणून. एक जण फार मागे लागला होता. नवल, शिरपूरकडचा. म्हणायचा, आई फोन शोधते, चष्मा शोधते, मग ओ देते, तोवर मी थारोळ्यावर उभा. पाय भरून येतात भाऊ, ते बटण काढा.’’

‘‘अरे, पण फोनवर हाक मारायची तर थारोळ्यावर कशाला उभं राहायचं? घरून मारायची ना.’’

‘‘तेच मी त्याला म्हटलं. तर म्हणे, आईची ओ आल्याशिवाय थारोळं कसं सोडू? गंमत बघ, ज्याच्यासाठी काढलं त्याने ते अपडेट घेतलंच नाही.’’

अपडेट आलं तेव्हा तो नव्हता, हे मी हितेंद्रला सांगितलं. कामाचं निमित्त काढून त्याने फोन ठेवला.

माझं समाधान झालं होतं. शेवटची खात्री म्हणून मी सर्व्हरवरच्या हाका उघडल्या. एकच हाक पुन्हा पुन्हा जात असेल तर सगळ्या सारख्या असायला हव्या होत्या. एकसारख्या लांबीच्या, एकच आवाज, एकच पार्श्वभूमी.

त्या सारख्या नव्हत्या. एकीत मागे पारवे घुमत होते. एकीत लांबून ट्रॅक्टर गेला. एकीत पाऊस पडत होता, आणि नवल तर उन्हाळ्यात गेला होता. शब्द मात्र प्रत्येकीत तेच होते, आई, माझं संपलं एवढेच, पोकळ, ओल्या जागेतून आल्यासारखे.

‘‘माय, मन्हं सरनं.’’

आणि त्यानंतर शांतता. बटण सोडलेलं नाही, कुणीतरी ऐकत उभं आहे, अशी शांतता. दर वेळी ती आधीपेक्षा थोडी लांबत गेली होती. आत कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी कानातले हेडफोन ओढून काढले.

४

नवलचं खातं काढून टाकणं एका बटणाचं काम होतं. माझं बोट त्यावर होतंही. पण जे कळत नाही ते पुसायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. पुसलं की पुरावा जातो आणि प्रश्न तिथेच राहतो. शिवाय टेबलाशी बसून विहिरीचा निकाल लावू नये. एकदा जागेवर जाऊन यावं.

चोपड्याहून शिरपूरकडे जाणारी एसटी धरली. उजव्या हाताला सातपुडा धुरकट दिसत होता, डावीकडे कापूस, मधूनच केळीची काळपट हिरवी रानं. माझ्या डोक्यात एक सोपी गोष्ट तयार होती. कुणीतरी भाऊबंद नवलच्या आवाजाची नक्कल करत असेल. पाण्यासाठी माणसं काहीही करतात. फोन त्याच्याच हाती लागला असेल. असं समजलं की मला बरं वाटायचं.

ॲपमधल्या नंबरवर मी आधी कळवलं होतं, म्हणून फाट्यावर निंबाआबा मोटारसायकल घेऊन आले होते. वाळलेल्या अंगाचे, पांढरी टोपी. मी त्यांना वाटेतच विचारलं, ‘‘आबा, तुमची बारी संपली की तुम्ही नवलला हाक का देता? तो नाही हे माहीत असून?’’

‘‘पोरी, मी जुना मानूस. मन्हं सरनं का मी पुढलाले हाक देस. पुढे कोन शे ते देखनं मन्हं काम नही.’’

‘‘आणि मग त्याच्या वावरात पाणी कोण फिरवतं?’’

आबांनी गाडी थोडी हळू केली. ‘‘पानी भेटस त्या वावरले,’’ एवढंच ते म्हणाले. ‘‘केयी देखी ले तू. बठ्ठास्मा चांगली केयी त्यानीच शे.’’ सगळ्यांत चांगली केळी नवलचीच, असं त्यांचं म्हणणं.

५

मंजुळाबाईंनी मला आधी चहा दिला, मग खाली बसवून माझ्याकडे नीट पाहिलं. उंच, काटक बाई. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात फोन ठेवलेला. दीपमाला दारात उभी होती, तिने माझ्याकडे ओळख दाखवली नाही.

‘‘दीपानी बलावं ना तुले?’’ म्हातारी म्हणाली. दीपमाला आत निघून गेली. ‘‘तिन्हं काही चुकनं नही. चाल, तुले विहीर दाखाडस.’’

आम्ही केळीतून निघालो. बाहेर टळटळीत ऊन होतं आणि आत दिवेलागणीसारखा उजेड. पानावर पान घासल्याचा आवाज, पायाखाली ओल, आणि कुठूनतरी मोटरची घरघर. एवढ्या मोठ्या रानात माणूस म्हणून आम्ही दोघीच होतो. नवलची केळी मी पाहिली. घड जमिनीला टेकत होते, खाली तण म्हणून नव्हतं.

विहीर जुनी, दगडी. पारवे भिंतीतल्या खबदाडांत बसलेले. मंजुळाबाई थारोळ्याच्या अलीकडे थांबल्या, त्यावर चढल्या नाहीत.

मी त्यांना समजावायला लागले. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. ओचं बटण गेलं, म्हणून हाक फिरत राहिली. बाकीचं कुणीतरी करत असेल.

‘‘अक्का, हे मशीन आहे. तो नाही.’’

‘‘मशीनले पाय ऱ्हातस का?’’ त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. थारोळ्याचे दगड उन्हाने तापून पांढरे पडले होते. त्यावर मधोमध एवढीशी जागा ओली होती. वर पाइप नव्हता, झाड नव्हतं, कुठून गळत नव्हतं. दोन पावलं शेजारी शेजारी ठेवून माणूस उभा राहील, एवढीच ओल. बघता बघता वाळायला हवी होती. वाळत नव्हती.

‘‘ओ करता उभा शे तो,’’ मंजुळाबाई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, पीठ मळताना बोलावं तसा. ‘‘त्याले कोनी ओ दिधी नही ना.’’

‘‘मग तुम्ही का देत नाही? बटण नसलं तरी तोंडाने द्या. तुम्हीच तर पुढच्या.’’

त्यांनी पदराची गाठ मुठीत धरली. ‘‘मी ओ दिधी का तो जाई. मंग मी कोन्ही हाक ऐकू?’’

त्याच वेळी मोटर बंद झाली. घरघर थांबल्यावर रान इतकं शांत झालं की माझ्याच श्वासाचा मला राग आला. पारवे जागचे हलले नाहीत. मंजुळाबाईंच्या पदरात फोन वाजला. त्यांनी गाठ सोडली, फोन कानाला घट्ट लावला आणि डोळे मिटले. मी विहिरीत डोकावले नाही. डोकावायला हवं होतं असं नंतर खूपदा वाटलं, पण त्या वेळी माझे पाय पुढे गेले नाहीत, हे खरं आहे.

६

दुसऱ्या दिवशी पिंप्राळ्यात, माझ्या खोलीत, पंखा चालू करून, दार उघडं ठेवून मी ती हाक ऐकली. आमच्या समोर आलेली. आईला मुद्दाम जवळ भाजी निवडायला बसवलं होतं.

आधी मोटरची घरघर होती. म्हणजे बटण मोटर बंद व्हायच्या आधीच दाबलेलं. त्या घरघरीच्या वर, खूप वर, दोन बायका बोलत होत्या. शब्द दगडांवर आपटून फुटत होते, तरी एक वाक्य मी ओळखलं, कारण ते माझं होतं.

‘‘अक्का, हे मशीन आहे. तो नाही.’’

माझा आवाज वरून येत होता. मला सगळ्या पळवाटा माहीत आहेत. मंजुळाबाईंच्या फोनने टिपलं असेल, पेटीत माइक असेल, फाइलींची सरमिसळ झाली असेल. पेटीत माइक नाही. आणि मंजुळाबाईंच्या फोनने टिपलं असतं तर त्यांचा आवाज जवळून आला असता. इथे जवळून येत होता फक्त एक श्वास, दमलेल्या माणसाचा, धीराने सोडलेला.

मोटर थांबली. पाण्याचा थेंब पडला. मग तो बोलला. या वेळी त्याने पुढे, पाणी घेतलंस का, असं विचारलं आणि आणखी काही म्हटलं.

‘‘माय, मन्हं सरनं. लिधं का? पाय भरी उनात.’’

आईने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘‘कोण आहे गं? किती दमलाय बिचारा.’’

मी म्हटलं, कामाचं आहे. आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. पण आपली सोय व्हावी म्हणून त्याने जे काढून टाकायला लावलं, त्याच एका गोष्टीवाचून तो ताटकळत उभा होता, आणि त्याची तक्रारही अजून तीच होती, एवढी साधी. मला भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

७

महिनाअखेर जवळ आली. जुना सर्व्हर जाणार होता. दीपमालाने दोनदा फोन केला. ‘‘ताई, बंद होईल ना?’’ मी हो म्हणत होते, आणि एका दुपारी म्हणता म्हणता थांबले.

बंद काय होणार होतं? आमचं ऐकणं बंद होणार होतं. सर्व्हर काढला म्हणजे हाक मारणारा जातो असं नाही. तो हाक मारत राहणार, फक्त ती कुणाच्याच फोनवर वाजणार नाही. आमच्या कामात ही चूक सगळे करतात. तक्रारीचा नंबर बंद केला की तक्रार मिटली असं समजतात.

त्याच वेळी गेटवर सिलिंडरवाला आला. ‘‘तोताराम पाटील!’’ आणि आतून आईने नेहमीसारखं ‘‘हो, आले’’ म्हटलं. मी पहिल्यांदाच तिला चिडून न बोलता विचारलं, ‘‘आई, त्यांच्या नावाला तू का ओ देतेस?’’

ती हात पुसत म्हणाली, ‘‘कुणीतरी हाक मारतंय आणि घरातून ओ जाऊ नये? बरं दिसतं का ते?’’

त्या दुपारी मी ओचं बटण परत लिहिलं. एकाच फोनसाठी, आणि या वेळी दाबून हाकेसारखंच आपल्या आवाजात ओ देता येईल असं. चाचणीला दुसरा फोन नव्हता, एरवी मी असं काही बाहेर सोडत नाही. मग मंजुळाबाईंना फोन लावला.

‘‘अक्का, परवापासून हाक येणार नाही. सर्व्हर बंद होतोय, माझ्या हातात नाही ते. पण तो तिथून हलणार नाही. नुसता उभा राहील. तुम्हाला कळणार नाही, एवढंच.’’

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

‘‘तुमच्या फोनवर बटण आलंय. दाबायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.’’

‘‘माले नही देनं ओ,’’ त्या म्हणाल्या. मग, ‘‘पाय भरी उनात म्हनस तो. लहानपने बी असाच म्हने. खांदावर घी चालू मी त्याले.’’

फोन कट झाला.

८

शेवटच्या दिवशी मी सकाळपासून स्क्रीनसमोर बसून होते. जुना सर्व्हर केव्हाही बंद करता आला असता. मी करत नव्हते. काहीतरी किरकोळ कामं काढत होते, बटणाचे रंग बदलत होते.

ऊन चढल्यावर निंबाआबांची हाक गेली. नवलच्या नावापुढे मोटर चालू झाल्याची खूण आली. मी हेडफोन घातले. मोटर चालली, चालली आणि थांबली. हाक गेली. मी ती लगेच ऐकली नाही, मंजुळाबाईंच्या नावाकडे बघत राहिले. तिथे काहीच हललं नाही. दोन पातेली घासून व्हावीत एवढा वेळ गेला. आई आत खरोखरच भांडी घासत होती.

मग ओ आली.

ती घरातून दिलेली नव्हती. मागे केळीची पानं घासत होती, पारवे होते. म्हातारी विहिरीवर गेली होती. फोनकडे तोंड करून नाही, समोर बघून बोलत होती, त्यामुळे आवाज थोडा लांब होता.

‘‘ओ... लिधं रे भाऊ. लिधं मी. आते नको उभा ऱ्हाऊ. जाय घर.’’

त्यानंतर काही क्षण नुसती पानं वाजली. मग सगळे पारवे एकदम उडाले. आणि दगडावरून कुणीतरी जड पायांनी उतरावं तसा आवाज आला, एक पाऊल, मग दुसरं. मंजुळाबाई रडत होत्या की नाही हे मला कळलं नाही. त्यांनी फोन बंद केला असावा.

स्क्रीनवर नवल पाटीलपुढचा हिरवा ठिपका गेला. मी जुना सर्व्हर बंद केला. बरं वाटत होतं. एका आईने आपलं सर्वस्व सोडलं होतं, आणि एक दमलेला माणूस मोकळा झाला होता. मी लॅपटॉप मिटला, डोळे पुसले आणि आईला म्हटलं, जेवायला वाढ.

पहिला घास घेतला आणि माझा फोन वाजला. दीपमाला.

मला वाटलं, आभार मानेल. मी म्हटलं, ‘‘झालं गं. बंद केलं मी. आता हाक येणार नाही.’’

‘‘ताई,’’ ती अगदी हळू बोलत होती. ‘‘सासूबाई आल्या नाहीत अजून मळ्यातून. घरात मी एकटीच आहे.’’

‘‘येतील त्या. वाटेत असतील.’’

‘‘नाही. मागच्या दारी कोणीतरी आलंय.’’

मी कान दिला. तिच्या मागे, थोडं लांब, रांजणात तांब्या बुडाल्याचा आवाज आला. मग दगडावर पाणी ओतल्याचा. शेतातून आलेला माणूस उंबऱ्याबाहेर पाय धुतो तसं, सावकाश, आधी एक पाय, मग दुसरा. पुन्हा तांब्या बुडाला.

‘जाय घर’, असं म्हातारी म्हणाली होती. ती रीतच होती, ओ आली की थारोळं सोडून घरी जायचं. मी ती कोडमध्ये वाचली होती, लोकांना समजावून सांगितली होती, आणि घर म्हणजे कुठलं याचा विचार मी केला नव्हता.

‘‘दीपमाला, पुढच्या दाराने बाहेर पड,’’ मी म्हटलं. ‘‘निंबाआबांकडे जा. ऐकतेस ना?’’

ती ऐकत होती, पण माझं नाही. पाणी ओतायचं थांबलं. दाराची कडी हलकेच वाजली, आतल्या माणसाला दचकायला होऊ नये अशी. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दीपमालाचा आवाज दबका नव्हता. एखाद्या नव्या नवरीसारखं तिने मला विचारलं,

‘‘ताई, मी ताट वाढू का?’’